पॉडकास्टची फीड नीट कशी बांधायची

फीड म्हणजे एपिसोडची यादी असलेली फाइल, जी पॉडकास्ट ॲप वाचतं; ती आरएसएस या फॉरमॅटमध्ये लिहितात. डिसेंबर २००० मध्ये सॉफ्टवेअर डेव्हलपर डेव्ह वायनर यांनी आरएसएस ०.९२ मध्ये ‘एन्क्लोजर’ हा टॅग आणला आणि फीडमधून ऑडिओ फाइल पाठवायची सोय झाली. जून २००५ मध्ये आयट्यून्स ४.९ मध्ये पॉडकास्ट आले आणि पसारा झपाट्याने वाढला. पाया मात्र आजही तोच आहे.

नुसत्या बोलण्याचा एपिसोड असेल तर मोनो (एकाच चॅनेलची), ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ किलोबिट) एमपी३ काढा. अर्ध्या तासाची फाइल साधारण १४ एमबीची होते. एन्क्लोजरमध्ये तीन गोष्टी लागतात: फाइलचा पत्ता, बाइटमधला आकार आणि फाइलचा प्रकार. आकाराच्या जागी कालावधी भरू नका, त्याचा टॅग वेगळा आहे.

सगळ्यात जपायचा तो जीयूआयडी, म्हणजे एपिसोडची स्वतंत्र ओळख सांगणारा कोड. एपिसोडला एकदा दिला की तो बदलायचा नाही, अगदी शीर्षक सुधारलं तरी. बदललात, तर ॲप जुनाच एपिसोड नवा समजून श्रोत्याच्या फोनवर पुन्हा उतरवतं. कव्हर चौरस हवं, १४०० ते ३००० पिक्सेलचं. होस्टिंग (फीड आणि फाइल ठेवायची सेवा) बदलताना फीडच्या जुन्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे कायमचं वळवणारी सूचना) लावा आणि निदान काही महिने काढू नका. नाहीतर जुन्या श्रोत्यांना नवे एपिसोड मिळणं बंद होतं, आणि बिचाऱ्यांना ते कळतही नाही.