मुलाच्या डॉक्टरवरचा विश्वास उडालाय? दुसरे डॉक्टर मागताना या चुका टाळा

विश्वास एका दिवसात उडत नाही. आधी पालक औषध अर्ध्या मनाने देऊ लागतात, मग फॉलो-अपची तारीख पुढे ढकलतात, मग प्रिस्क्रिप्शन नातेवाइकांना दाखवून ‘हे बरोबर आहे ना?’ असं विचारत बसतात. दवाखाना तोच, पण उपचार निम्मेच. या अवस्थेत महिनोन्‌महिने राहणं मुलासाठी सगळ्यात वाईट. दुसरे डॉक्टर मागणं हा पालकांचा हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. मात्र घाईत किंवा रागात तो वापरला, की नव्या दवाखान्यातही पहिले पाढे पंचावन्न.

नेमकं काय खटकलं, हे न ठरवताच निघणं

डॉक्टर तुसडेपणाने बोलले, की त्यांचं निदान चुकलं? दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात, पण त्यांवरचे उपाय वेगळे आहेत. साध्या सर्दीला अँटिबायोटिक द्यायला नकार देणारे डॉक्टर निष्काळजी नसतात. सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. ‘थांबून पाहू’ हाही एक विचारपूर्वक दिलेला सल्ला असतो. फक्त किती दिवस थांबायचं आणि काय दिसलं तर लगेच यायचं, हे त्यासोबत सांगितलेलं हवं.

खरी चिंता करावी अशा गोष्टी वेगळ्या आहेत. मुलाला न तपासताच औषध लिहून दिलं जातं. लहान मुलांचे बहुतेक डोस वजनावर ठरतात, तरी वजन विचारलंही जात नाही. तीच तक्रार पुन्हा पुन्हा घेऊन गेलात तरी उत्तर बदलत नाही आणि मूलही बरं होत नाही. ‘आईला उगाच काळजी’ म्हणून विषय संपवला जातो. यातलं काय, कधी घडलं ते तारखेसह कागदावर लिहा. लिहिताना बऱ्याचदा आपल्यालाच कळतं, की प्रश्न स्वभावाचा आहे की उपचारांचा.

काही न बोलता गायब होणं

‘डॉक्टरांना वाईट वाटेल’ या धास्तीने बहुतेक जण गुपचूप निघून जातात. त्यापेक्षा सरळ विचारा: ‘डॉक्टर, तीन आठवडे झाले तरी खोकला थांबत नाही. याशिवाय आणखी काय असू शकतं? मला अजून एका तज्ज्ञांचं मत घ्यायचं आहे, तुम्ही चिठ्ठी द्याल का?’ यात आरोप नाही. चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत. उलट अनेकदा या प्रश्नानंतरच ते केस नव्याने पाहतात आणि बदलायची गरजच उरत नाही. चिडलेच, तर तुमचा निर्णय सोपा होतो.

मोठ्या रुग्णालयात अनेकदा त्याच विभागातले दुसरे डॉक्टर मिळू शकतात. ते कसे मागायचे, हे प्रमुख परिचारिका किंवा रुग्णालयाच्या प्रशासनाला विचारा.

रिकाम्या हाताने नव्या डॉक्टरांकडे जाणं

मला ही सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. जुन्या डॉक्टरांचा राग आलेला असतो, म्हणून त्यांचे कागद मागायला परत जावंसं वाटत नाही. मग तपासण्या पुन्हा होतात, मुलाला पुन्हा सुई टोचली जाते, फसलेलं औषध पुन्हा सुरू होतं.

सोबत काय हवं? सगळी प्रिस्क्रिप्शन्स, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेची मूळ इमेज (फक्त लेखी अहवाल नको), डिस्चार्ज समरी, लसीकरणाचं कार्ड, कोणत्या औषधाची ॲलर्जी आली त्याची नोंद आणि वजन-उंचीच्या जुन्या नोंदी. या शेवटच्या गोष्टीला पालक फार किंमत देत नाहीत. पण एका दिवसाचं वजन डॉक्टरांना थोडंच सांगतं. वाढीचा आलेख सहा महिन्यांपूर्वी कुठे होता आणि आता कुठे घसरला, हे बरंच काही सांगून जातं.

कागद मागताना भांडायची गरज नाही. भारतात २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.

दोन डॉक्टरांची औषधं एकत्र चालवणं

एकच औषध वेगवेगळ्या ब्रँडच्या नावाने मिळतं. दोन बाटल्यांमध्ये पॅरासिटामॉलच असेल, तर ताप उतरवण्याच्या नादात दुप्पट डोस जातो आणि त्याने यकृताला इजा होऊ शकते. म्हणून घरातली प्रत्येक बाटली आणि स्ट्रिप नव्या डॉक्टरांपुढे ठेवा.

याच्या उलट, रागाच्या भरात सगळं बंद करणंही तितकंच घातक. फिट्सचं औषध अचानक थांबवलं तर जोरदार झटके येऊ शकतात. बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइडही एकदम तोडता येत नाही. नवे डॉक्टर सांगेपर्यंत अशी औषधं चालूच ठेवा.

दुसऱ्यांनी ओळखलं म्हणजे पहिल्यांचं चुकलं, असं धरणं

रोझिओला या तान्ह्या मुलांच्या आजारात आधी तीन ते पाच दिवस नुसता जोरात ताप असतो. पुरळ उठतो तो ताप उतरल्यावर. दुसऱ्या दिवशी पाहणाऱ्या डॉक्टरांना ते दिसणं शक्यच नव्हतं. शेवटी पाहणाऱ्याकडे नेहमी जास्त माहिती असते. म्हणून नव्या डॉक्टरांना विचारा: ‘पहिल्या दिवशी हे कळण्यासारखं होतं का?’

मूल ॲडमिट असताना हट्टाने घेऊन जाणं

वॉर्डमध्ये विश्वास उडाला, तर परिस्थिती नाजूक असते. ऑक्सिजनवर किंवा सलाइनवर असलेल्या मुलाला सही करून स्वतःच्या गाडीतून नेणं धोक्याचं आहे. दोन्ही डॉक्टरांना आपसांत बोलायला सांगा. हलवायचंच असेल तर रेफरलची चिठ्ठी आणि सुसज्ज ॲम्ब्युलन्स मागा.

आणि ‘मुलाची तब्येत खालावतेय’ असं वाटत असेल, तर गप्प बसू नका. २०२१मध्ये लंडनमध्ये १३ वर्षांची मार्था मिल्स सेप्सिसने (संसर्गाला शरीराने दिलेल्या टोकाच्या प्रतिक्रियेमुळे अवयवांना इजा होण्याची जीवघेणी अवस्था) गेली. पालकांनी काळजी बोलून दाखवली होती, पण तिला वेळेत अतिदक्षता विभागात हलवलं गेलं नाही. तिच्या नावाचा नियम २०२४पासून इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत आणला जाऊ लागला. त्यानुसार कुटुंबीय वेगळ्या पथकाकडून तातडीची फेरतपासणी मागू शकतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये असाच ‘रायन्स रूल’ २०१३पासून आहे. जिथे असा नियम नाही, तिथेही ‘आत्ताच्या आत्ता वरिष्ठ डॉक्टरांनी पाहायला हवं’ हे ठामपणे सांगता येतं.

श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, मूल जागं न होणं, झटके, लघवी बंद होणं, दाबूनही फिका न पडणारा पुरळ, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप: यातलं काही दिसलं तर डॉक्टर आवडते की नावडते हा प्रश्न बाजूला ठेवा आणि जवळच्या इमर्जन्सीत पोहोचा.

बाकी राहिलेले रिपोर्ट विसरणं

ब्लड कल्चरचा (रक्तात जंतू वाढतात का, ते पाहणाऱ्या तपासणीचा) अंतिम निकाल यायला पाच दिवसही लागतात. तोवर तुम्ही डॉक्टर बदललेले असतात आणि रिपोर्ट जुन्या फाइलमध्ये पडून राहतो. निघताना लॅबची पावती सोबत घ्या, निकाल कधी येणार ते विचारा आणि नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की एक रिपोर्ट अजून यायचा आहे.