स्लॅग कुठल्या तापमानाला अडेल, हे स्फटिकांवरून कसं ओळखायचं

राखेच्या फ्यूजन (वितळण्याच्या) रिपोर्टमध्ये फ्लुइड टेम्परेचर, म्हणजे राख पातळ होऊन वाहू लागते ते तापमान, 1350 अंश सेल्सिअस आहे, गॅसिफायर (कोळशाचा गॅस करणारी भट्टी) 1400 वर चालवलाय, तरी टॅप होल, म्हणजे स्लॅग (वितळलेली राख) बाहेर सोडायचं भोक, बुजतं. कारण रिपोर्टमधला आकडा राखेचा शंकू तापवताना घेतलेला असतो. स्लॅग भिंतीवरून ओघळतो तो निवत निवत, आणि निवताना त्यात स्फटिक धरतात.

काकवी नुसती घट्ट असली तरी बरणीतून ओतता येते, साखरेचे खडे धरले की ढेकूळच निघतं. स्लॅगमध्ये 20 टक्के स्फटिक झाले तर द्रवातल्या कणांसाठीच्या रॉस्कोच्या सूत्राने व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) सुमारे 2.2 पट होते, 40 टक्क्यांना जवळपास 7 पट. हा हिशेब गोल कणांचा. अ‍ॅनॉर्थाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाचे लांबट स्फटिक एकमेकांत अडकतात, त्यामुळे त्याच्या आधीच प्रवाह अडतो. टॅप होलपाशी व्हिस्कॉसिटी 25 पास्कल-सेकंदांच्या खाली हवी.

स्फटिक कुठल्या तापमानाला धरतात याची चाचणी नाशिकला करायची तर पहिली अडचण भट्टीची. अंबड-सातपूरकडे सहज मिळणारी कँथल तारेची मफल (बंद पेटीची विजेची भट्टी) 1200 अंशांच्या आसपास थांबते. इथे 1600 अंशांची, मॉलिब्डेनम डायसिलिसाइड कांड्यांची उभी ट्यूब फर्नेस लागते, म्हणजे नमुना सरळ खाली पाण्यात सोडता येतो.

कोळसा 815 अंशांना पूर्ण जाळून राख करा. स्लॅग पातळ करायला मिसळायच्या चुनखडीचं प्रमाण आधी कागदावर काढा. राखेत कॅल्शियम ऑक्साइड 3 टक्के आहे आणि स्लॅगमध्ये 20 टक्के हवं, तर 100 ग्रॅम राखेला सुमारे 21 ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे शुद्ध चुनखडी 38 ग्रॅम. 40 टक्के राखेच्या 100 किलो कोळशाला हे 15 किलो होतं! भारतीय कोळशाला स्लॅगिंग गॅसिफायर महाग पडतो तो इथेच. चुनखडी वाढवत नेली की स्लॅग पातळ होतच राहील, असं मात्र नाही: एका मर्यादेपुढे गेहलेनाइट हे दुसरं कॅल्शियमयुक्त खनिज धरू लागतं, आणि ते 1593 अंशांना वितळतं.

मिश्रण 75 मायक्रॉनखाली दळा. हरभऱ्याएवढी गोळी मॉलिब्डेनमच्या पत्र्याच्या वाटीत, आर्गॉनमध्ये, 1500 अंशांना तासभर ठेवा. मग 1450, 1400, 1350, 1300 यांपैकी एका तापमानाला उतरवून किमान दोन तास थांबा आणि बर्फाच्या पाण्यात सोडा. प्रत्येक तापमानाला नवी गोळी. गोळी मोठी घेतली तर पोटातला भाग सावकाश निवतो आणि तिथे नंतर धरलेले स्फटिकही मोजणीत येतात. अ‍ॅल्युमिनाची क्रुसिबल स्वस्त, पण ती स्लॅगमध्ये विरघळते आणि नमुनाच बदलून टाकते. प्लॅटिनमला लोह खातं. आर्गॉनमध्ये हवा शिरली तर मॉलिब्डेनमचा पांढरा धूर निघतो. तो प्रयोग टाकून द्या.

फोडलेला तुकडा काळा, काचेसारखा चकचकीत असेल तर स्फटिक नाहीत. मळकट, मातकट ठिपके दिसले तर रेझिनमध्ये बसवून पॉलिश करा, मायक्रोस्कोपखाली जाळी टाकून ठिपके मोजा. कोणता स्फटिक ते एक्सआरडी (क्ष-किरणांची चाचणी) सांगेल. ज्या सर्वांत वरच्या तापमानाला पहिला स्फटिक दिसतो, त्याच्या 50 अंश वर टॅप होल ठेवावं, असं आमचं मत. दोन तासांऐवजी वीस मिनिटांत काम उरकलं, तर सिलिका जास्त असलेला स्लॅग हमखास फसवतो: स्फटिक धरायला वेळच मिळालेला नसतो.

फ्यूजन चाचणी करून घ्यायचीच असेल तर कार्बन मोनॉक्साइड 60, डायऑक्साइड 40 अशा वातावरणातली मागा. हवेत लोह फेरिक राहतं, फेरस होऊन फ्लक्सचं, म्हणजे राख लवकर वितळवण्याचं, काम करत नाही, आणि आकडा चुकीचा वर जातो. एक्झॉस्ट आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तिथे ही चाचणी करूच नका.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष छाटणीच्या काड्या लहान गॅसिफायरमध्ये घालणाऱ्यांचं गणित उलटं आहे: तिथे राख वितळूच द्यायची नाही. काडीच्या राखेत पोटॅश असतंच, त्यात काळ्या मातीतली सिलिका मिसळली की जाळीवर क्लिंकर (वितळून चिकटलेल्या राखेचा गोळा) धरतो. काड्या वाळवून, माती झटकूनच भरा.