अकरावं अक्षर

मी भौतिकशास्त्राचा पदवीधर. प्रोग्रामिंग शिकलो ते प्रयोगातल्या आकड्यांची आकडेमोड करायला, कॉम्प्युटर सायन्स कधी रीतसर शिकलो नाही. पहिली नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायची, मिळाली. 'त्यात पुढे काही नाही,' असं बऱ्याच जणांनी सांगितलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

तिथे एक तक्रार आली: काही नावांच्या शेवटी अक्षराऐवजी चौकोन दिसतो. मी लगेच कोड उघडला. शेजारी बसणारी सीनियर म्हणाली, "थांब. आधी तो चौकोन मला आणून दाखव."

मग मी नावाच्या जागी नुसते 'क' टाइप करत गेलो. दहापर्यंत सगळं ठीक, अकरावा टाकला की चौकोन. रोमन अक्षरं मात्र ३२ बसत होती. तिथेच उलगडा झाला. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत रोमन अक्षर १ बाइट (साठवणुकीचं छोटं एकक) घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि आमचा प्रोग्राम नाव ३२ बाइटवर कापत होता. दहा अक्षरांचे ३० बाइट झाले की अकराव्याच्या वाट्याला दोनच उरायचे. मर्यादा ६४ केली असती, तर चौकोन फक्त बाविसाव्या अक्षरावर सरकला असता.

शिवाय 'क्षि' आपल्याला एकच अक्षर वाटतं, पण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीत, ती क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी ४ चिन्हं आहेत, म्हणजे १२ बाइट. त्यामुळे कापायचं कुठे, हे आधी ठरवावं लागलं.

तेव्हापासून बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, स्वतः घडवून पाहिल्याशिवाय मी कोडला हात लावत नाही. घडला की तो पकडणारी टेस्ट (आपोआप तपासणारा छोटा कोड) लिहितो, दुरुस्ती त्यानंतर. बग नेमका कधी शिरला हे कळत नसेल तर 'गिट बायसेक्ट' वापरतो. गिट कोडमधला प्रत्येक बदल 'कमिट' म्हणून नोंदवून ठेवतं आणि ही आज्ञा त्यातला मधला कमिट तपासायला देते. दर वेळी निम्मे कमिट बाद होतात, म्हणून १००० कमिटमधला दोषी साधारण १० तपासण्यांत सापडतो. हे साधन पहिल्याच महिन्यात शिकून घ्या.

त्या चौकोनामुळे अक्षरांचा नाद लागला तो कायमचा. रविवारी सकाळी कट निब (सुलेखनाचं तिरकं कापलेलं टोक) घेऊन जोडाक्षरं गिरवतो. स्क्रीनसमोर न सुटलेली एखादी गोष्ट तिथे सुटते, पण मी त्यासाठी बसत नाही, मला ते मनापासून आवडतं.

नव्या कंपनीत रुजू झालात की बंद झालेल्या जुन्या तक्रारींपैकी दहा निवडा आणि त्या वेळच्या कोडवर त्या पुन्हा घडवून बघा. मी अजूनही प्रत्येक नव्या टीममध्ये सुरुवात तिथूनच करतो.