पावसाळ्यात खुराडं कोरडं ठेवा
मागच्या अंगणात चार गावरान कोंबड्या आरामात राहतात हो, पण पुण्यात पाऊस लागला की खरा ताप खुराड्यातल्या ओलीचा. खाली तीन-चार इंच लाकडाचा भुसा टाका, टिंबर मार्केटला पोत्याने मिळतो, दोन-तीन दिवसांनी खुरपीने वरखाली करा आणि मुठीत दाबून गोळा झाला तर बदलाच, नाहीतर अमोनियाचा वास सुटतो नि पिल्लांना रक्ती हगवण लागायची भीती असते. काढलेला भुसा दोन-तीन महिने कुजवून मगच झाडांना घाला. जाळी अर्ध्या इंची वेल्डमेशच घ्या, मुंगूस फार बेरकी. कोंबडा मात्र नको, अंड्यांना तो लागतच नाही आणि पहाटे आरवला की सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटतो!