गोड कांदा वापरताना या चुका टाळा

फेब्रुवारी उलटला की मुंबईच्या बाजारांत पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसू लागतात आणि मे महिन्यापर्यंत अनेक घरांत एखादी तरी माळ येतेच. नंतर मात्र तक्रारी सुरू होतात: भजी मऊ पडली, वाटप गुळचट झाले, कोशिंबिरीला पाणी सुटले, जूनमध्ये अर्धी माळ सडली. यातील बहुतेक तक्रारींचे मूळ एकच असते. गोड कांद्यात तिखटपणा कमी आणि रसाळपणा जास्त असतो, आणि आपण मात्र तो नाशिकच्या लाल कांद्यासारखाच चिरतो, तळतो आणि साठवतो.

खरेदीतली गफलत

पांढरा दिसला म्हणजे कांदा गोडच असणार, ही पहिली चूक. अलिबागच्या गोड पांढऱ्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भाताच्या कापणीनंतर त्याच शेतात तो घेतला जातो आणि काढल्यावर पातीसकट वाळवून त्याच्या वेण्या घातल्या जातात. गुजरातेत महुवा आणि भावनगर परिसरातही पांढरा कांदा पिकतो, परंतु तो बराचसा सुकवून पूड आणि काप करण्याच्या उद्योगासाठी असतो. तिथे पाणी कमी आणि घन भाग जास्त असलेला कांदा हवा असतो. रंग दोन्हींचा पांढराच. त्यामुळे घरी आणल्यावर एका कांद्याच्या मधल्या भागाची पातळ चकती कच्ची खाऊन पाहावी. जिभेला चरचरले, तर तो कांदा कोशिंबिरीऐवजी फोडणीत घालावा.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. गोड कांद्यात साखर खूप जास्त असते असे नाही. झणझणीत कांद्यातही ती भरपूर असते, पण गंधकयुक्त संयुगांच्या उग्रपणामुळे तिची चव जाणवत नाही. जमिनीत गंधक कमी असेल तर कांदा सौम्य होतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचा व्हिडालिया कांदा याच कारणाने गोड लागतो. परदेशी पाककृतीत ‘एक गोड कांदा’ असे लिहिलेले असते तेव्हा असा मोठा, मुठीपेक्षाही मोठा कांदा अभिप्रेत असतो. आपले अलिबागचे कांदे लहान असल्यामुळे त्याच्या जागी तीन-चार लागतात; नग मोजण्यापेक्षा वजन पाहिलेले बरे.

कच्चा खाताना

चिरलेला कांदा पाण्यात भिजत घालण्याची सवय तिखट कांद्यामुळे लागलेली आहे. तिखट कांद्याचा उग्रपणा त्याने उतरतो, गोड कांद्याची मात्र उरलीसुरली चवही पाण्याबरोबर निघून जाते. सुरीला धार नसेल तर पेशी चिरल्या न जाता चेंगरतात, आणि पेशी फुटल्यावर घडणाऱ्या क्रियेतूनच डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. म्हणूनच बोथट सुरीने गोड कांदाही उग्र होतो. कच्चा कांदा मिक्सरमधून काढला की तो अनेकदा कडवट लागतो, तोही याच कारणाने. चटणीत किंवा मॅरिनेडमध्ये घालायचा असेल तर तो किसावा किंवा अगदी बारीक चिरावा.

कोशिंबिरीचे पाणी हा मिठाच्या वेळेचा प्रश्न आहे. मीठ लागताच कांद्यातून पाणी सुटू लागते. म्हणून दही घट्ट फेटून, कांदा चिरून दोन्ही वेगवेगळे ठेवावे आणि मीठ पाने वाढताना घालावे. पाणी आधीच सुटले असेल, तर ते ओतून देऊ नये. त्यात थोडे भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट मिसळले की कोशिंबीर पुन्हा जमून येते.

परतताना आणि तळताना

सर्वांत जास्त फसगत इथे होते. ‘पाच मिनिटांत कांदा सोनेरी करा’ हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने कांदा बहुधा दुसऱ्याकडून परतून घेतला असावा. गोड कांदा खऱ्या अर्थाने तांबूस, जॅमसारखा मऊ आणि खमंग व्हायला मध्यम-मंद आचेवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात. आधी त्यातले पाणी निघून जावे लागते. तोवर रंग येत नाही, कारण कढईतले तापमान पाण्याच्या उकळण्यापुढे फारसे सरकत नाही. घाई म्हणून आच वाढवली की कडा करपतात आणि मध्यभाग कच्चा राहतो.

त्यासाठी जाड बुडाची, पसरट कढई घ्यावी. कांदा उभा आणि जरा जाडसर चिरावा, कारण आडव्या चकत्या लवकर विरघळतात. तेल-तुपात चिमूटभर मीठ घालून पहिली दहा मिनिटे झाकण ठेवावे, म्हणजे पाणी सुटून कांदा नरम पडतो. मग झाकण काढून अधूनमधून हलवत राहावे. बुडाला तपकिरी थर धरला तर घाबरू नये. चमचाभर पाणी घालून तो खरवडून कांद्यात मिसळावा, चव तिथेच असते. थर काळा आणि कडू झाला असेल तर मात्र खरवडू नये, वरचा कांदा दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा. कढई खच्चून भरली असेल तर कांदा परतला न जाता शिजतो, अशा वेळी तो दोन खेपांत परतावा. खाण्याच्या सोड्याने रंग लवकर येतो, पण चिमटीपेक्षा जास्त पडला तर कांद्याचा लगदा होतो. वरून साखर घालण्याची गरज नाही.

बिर्याणीचा कुरकुरीत तळलेला कांदा या जातीचा करू नये; पाणी जास्त असल्याने तो लवकर मऊ पडतो. तिथे लाल कांदाच योग्य. खेकडा भजीसाठी गोड कांदा चालतो, पण पिठात वरून पाणी घालू नये. चिरलेल्या कांद्याला मीठ चोळून दहा मिनिटे ठेवावे आणि सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढेच बेसन, जोडीला चमचाभर तांदळाचे पीठ घालावे. मिश्रण फार वेळ ठेवले की सैल होत जाते, म्हणून तेल तापत आले की मगच बेसन मिसळावे.

कांदा-खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटपात सगळाच गोड कांदा घातला तर मटणाचा रस्सा गुळचट लागतो. निम्मा कांदा लाल घ्यावा. रस्सा आधीच गोड झाला असेल तर थोडी चिंच किंवा दोन आमसुले आणि जास्तीचे मिरे तो सावरतात. याउलट सुक्या जवळ्याबरोबर हाच कांदा उत्तम लागतो, कारण जवळ्याच्या खारटपणाला त्याचा गोडवा तोलून धरतो. तिथे कांदा जवळ्याच्या दुप्पट घ्यायलाही हरकत नाही.

साठवताना

माळ सोडून कांदे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरणे ही मुंबईच्या दमट हवेत सर्वांत महाग पडणारी चूक आहे. माळ हवेशीर, सावलीच्या जागी टांगावी. गॅसच्या वर वाफ लागते, म्हणून तिथे नको; बटाट्यांच्या टोपलीजवळही नको. दर आठवड्याला माळ चाचपून मऊ झालेला कांदा काढून टाकावा, कारण त्याची सड शेजारच्या कांद्याला लागते. सालीवर काळी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. बाहेरचे थर काढून कांदा धुवावा आणि आतला भाग घट्ट, स्वच्छ असेल तरच वापरावा. पावसाळा लागेपर्यंत जे कांदे उरतील, ते एकदम परतून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावेत. पुलाव, थालीपीठ किंवा आमटीच्या फोडणीत एकेक वडी थेट टाकता येते.