अंदमानला कॅमेरा नेताय? आधी दिवस लावा, मग बॅग

परतीचं विमान कधी आहे ते आधी बघा. लेन्स, हाऊसिंग (कॅमेऱ्याचा पाणबंद डबा), ट्रायपॉड हे सगळं नंतर. अंदमानात जंगल, पडक्या इमारती आणि समुद्राचा तळ हे तिन्ही एकाच आठवड्यात शूट करायचं असेल, तर सहलीचा क्रम त्या विमानापासून उलटा मोजत यावा लागतो. स्कूबा करून लगेच विमानात बसता येत नाही. खाली दाबाखालची हवा घेताना शरीरात नायट्रोजन मुरतो आणि तो सावकाशच बाहेर पडतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, म्हणून घाई केली तर त्याचे अंगात बुडबुडे होण्याचा धोका असतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे एकच साधी डाईव्ह केली असेल तर किमान १२ तास थांबायचं आणि रोज डाईव्ह करत असाल तर किमान १८ तास. मी सरळ २४ धरतो. म्हणजे पाणी आधी, भग्नावशेष शेवटी. पोर्ट ब्लेअरला (कागदोपत्री आता श्री विजय पुरम) उतरून शक्य तितक्या लवकर हॅवलॉक बेटाची बोट गाठायची आणि रॉस बेट, सेल्युलर जेल परतीच्या दिवस-दीड दिवसासाठी राखून ठेवायचं. पॅकेजमध्ये क्रम वेगळा असेल तर टूरवाल्याशी वाद घालून बदलून घ्या. बोटीची तिकिटं काढण्याआधीच हा वाद घालायचा, नंतर तो बिचाराही काही करू शकत नाही.

महिना निवडायची मुभा असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल. दिवाळीच्या सुट्टीत जाणारे बरेच असतात, पण नोव्हेंबरात तिकडे परतीचा पाऊस असतो, कधी चक्रीवादळ येतं, आणि समुद्र खवळला की सगळ्यात आधी बोटी बंद होतात. मे उजाडला की नैर्ऋत्य मोसमी वारे अंदमानात आपल्या आधी पोचतात. कॅलेंडरवर आणखी एक गोष्ट बघायची, तिथी. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त, गढूळपणाही जास्त. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं, म्हणजे कमी ओढीचं पाणी मिळतं, ते पाण्याखालच्या शूटिंगला बरं. याला एकच अपवाद. हॅवलॉकच्या किनाऱ्यावर रात्री पाणी हलवलं की निळसर उजेड चमकतो, तो बघायचा तर अमावास्याच हवी. तो व्हिडिओत पकडायच्या भानगडीत मात्र पडू नका. मी दोन रात्री पडलो, हाती काळा पडदा आला.

घड्याळाचाही हिशेब वेगळा. बेटं इतकी पूर्वेला आहेत आणि वेळ मात्र आपलीच, त्यामुळे डिसेंबरात सहाच्या आत लख्ख उजाडतं आणि पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो. दुपारी जेवून, जरा लवंडून चारला ट्रायपॉड काढणाऱ्याला जेमतेम तासाभराचा उजेड मिळतो. पहाटे साडेचारचा गजर लावायचा आणि डुलकी अकरानंतर काढायची, नाहीतरी तेव्हा ऊन डोक्यावर असतं आणि सगळं पांढरंफटक दिसतं.

आता शरीर. डाईव्ह सेंटरवर तब्येतीची प्रश्नावली भरून घेतात. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं किंवा सायनसचं जुनं दुखणं असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांकडून फिटनेसचा कागद आणा, बेटावर ऐन वेळी डॉक्टर शोधत फिरायची पाळी येऊ नये. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, कान मोकळे होत नाहीत. सर्दीची गोळी खाऊन उतरणारे भेटतात. त्यांच्या गोळीचा असर मध्येच पाण्याखाली संपतो.

सर्टिफिकेट नसेल तर हॅवलॉकला नीमो रीफसारख्या उथळ जागी प्रशिक्षक हात धरून नेतो, १२ मीटरपर्यंतच. ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला असेल तर १८ मीटर, त्यापुढचा अ‍ॅडव्हान्स्ड असेल तर ३०. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज अशा लोकांच्या व्हिडिओत दिसणाऱ्या जागा बोटीनं गाठायच्या आणि खोल आहेत, पहिल्यांदा उतरणाऱ्याला तिथे नेत नाहीत. आणि माझं ठाम मत असं की पहिल्या दोन-तीन डाईव्हना कॅमेरा हातात घेऊच नये. श्वास, तरंगणं आणि पायाखालचं प्रवाळ यातच माणूस गुंतलेला असतो. कॅमेऱ्याच्या नादात तो खाली बसतो आणि शंभर वर्षांचं प्रवाळ फिनच्या (पायातल्या पोहायच्या पंखांच्या) एका फटक्यात मोडतो. सराव आधी करून जा. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे किंवा गावातल्या तरणतलावात. मालवणचं पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, पण एका जागी स्थिर तरंगायला शिकण्यासाठी नितळ पाण्याची गरजही नसते.

कॅमेरा नेणारच असाल तर नीट न्या. फोन वॉटरप्रूफ आहे या भरवशावर कुणी तो खिशात घालून उतरू नये. फोनच्या डब्यावर लिहिलेली हमी गोड्या, स्थिर पाण्याची असते. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, १८ मीटरवर तो जमिनीवरच्या २.८ पट होतो. बरेच गोप्रो नुसते १० मीटरपर्यंत चालतात, त्याखाली वेगळं हाऊसिंग लागतं. आणि त्या हाऊसिंगचा सगळा जीव एका रबरी ओ-रिंगमध्ये असतो. माझं पहिलं हाऊसिंग एका केसानं बुडवलं. माझ्याच डोक्यावरचा केस, बोटीवर घाईघाईत झाकण लावताना रिंगखाली अडकला, आणि सात-आठ मीटरवर पडद्याच्या कोपऱ्यात पाण्याची रेघ चढताना मी बघत राहिलो. तेव्हापासून हाऊसिंग आदल्या रात्री खोलीतच बंद करतो. रिंग काढून सुती नव्हे, तर धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसायची, सिलिकॉन ग्रीस नखभर लावायचं, मग रिकामं हाऊसिंग पाच मिनिटं बादलीत बुडवून ठेवायचं. बुडबुडे आले नाहीत तरच आत कॅमेरा. एसीच्या कोरड्या हवेत बंद केलं की आत धुकंही धरत नाही, शिवाय सिलिका जेलची एक पुडी टाकावी. जमिनीवरच्या कॅमेऱ्याचं नेमकं उलटं आहे. एसीतून थेट बाहेर काढला की त्याच्या लेन्सवर घाम फुटतो. तो बंद बॅगेतच अर्धा तास व्हरांड्यात ठेवायचा.

पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो, पाचेक मीटरमध्येच. त्याखाली सगळं निळं-हिरवट, आणि घरी येऊन कितीही रंग ओढले तरी जो उजेड पोचलाच नाही तो आणणार कुठून? उथळात लाल फिल्टर पुरतो, खोलात व्हिडिओ लाइट हवा. लाइट लेन्सच्या अगदी शेजारी नको, बाजूला लांब दांडीवर हवा, नाहीतर पाण्यातला कचरा बर्फ पडल्यासारखा चमकतो. कॅमेरा धरायला दोन मुठींचा ट्रे आणि कॅमेरा जॅकेटला अडकवायची दोरी हे दोन्ही घ्या, म्हणजे गडबड झाली तर हात सोडता येतात. प्रत्येक शॉट दहा सेकंद मोजून स्थिर धरा, माशामागे पोहू नका, त्यालाच तुमच्याकडे येऊ द्या. हातभर अंतरावर असतं तेच छान येतं. वर आल्यावर हाऊसिंग गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि बटणं दाबून मीठ बाहेर काढा. बोटीवरच्या सामायिक टबात टाकून चहाला जाऊ नका, त्यात दहा जणांची हाऊसिंगं एकमेकांवर आपटत असतात.

जंगलाचं मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे सामानापेक्षा नियम जास्त. चिडिया टापूला पहाटे पक्ष्यांसाठी लांब लेन्स न्या. अंदमान सुतार, अंदमान भारद्वाज हे तिथलेच, दुसरीकडे दिसणार नाहीत. दिगलीपूरजवळ कालीपूरच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, तिथे फ्लॅश, टॉर्च, मोबाइलचा उजेड काहीही चालत नाही, वनखात्याचा माणूस म्हणेल तेवढंच. खारफुटीच्या खाडीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उभं राहून शॉट घेण्याचा मोह होतो. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथेच असतात. २०१० साली हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. पाटी लावलेली असेल तर ती मान्य करायची. वाळूतल्या बारीक माश्या जिवाला धोका नाहीत, पण आठवडाभर खाजवायला लावतात. पायांना खोबरेल तेल चोपडलं की बऱ्यापैकी वाचता येतं. जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिक चालत नाही, तेव्हा स्टीलची बाटली आणि कापडी पिशवी बॅगेत हवीच.

बारातांग बेटाच्या वाटेवर जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांचा ताफा जातो. तिथे कॅमेरा बॅगेत, बॅगेची चेन बंद. जारवांचा फोटो किंवा व्हिडिओ काढणं गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे, आणि कायदा नसता तरी खिडकीतून माणसांवर लेन्स रोखणं ओंगळच. ड्रोनचा विचार असेल तर परवानगीचं काम महिनाभर आधी सुरू करा. नाही मिळाली तर ड्रोन घरी ठेवा. पोर्ट ब्लेअरला तिन्ही सेनादलांचा संयुक्त तळ आहे, विमानतळही नौदलाच्या तळाला लागून आहे. शंख, प्रवाळाचा तुकडा ‘प्रॉप’ म्हणूनसुद्धा उचलू नका, परतीच्या तपासणीत सापडला तर उत्तर देता येत नाही.

आणि मग रॉस, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. १८५८ पासून इंग्रजांचं प्रशासन इथून चाले. चर्च, बेकरी, नाचघर, पोहण्याचा तलाव, सगळा थाट या एवढ्याशा बेटावर. १९४१च्या भूकंपानं भिंती हलल्या, १९४२ला जपानी आले, त्यांचे बंकर अजून आहेत. त्यानंतर बेट झाडांनी घेतलं. वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांची मुळं भिंतीवरून अशी उतरली आहेत की वीट कुठे संपते ते कळत नाही. इथे सगळे जण वाइड लेन्स लावून पूर्ण इमारत घेतात आणि घरी आल्यावर सगळ्या क्लिप सारख्याच वाटतात. एक भिंत निवडा. मुळानं फोडलेली खिडकी, तिच्यातून दिसणारा समुद्र, एवढ्यावर अर्धा तास द्या. झाडीत कवडसे आणि गडद सावली एकत्र असतात, त्यामुळे आकाश थोडंसं आलं तरी पांढरं जळून जातं. आकाश फ्रेमबाहेर ठेवा, किंवा ढगाळ सकाळी जा. पोर्ट ब्लेअरहून बोटीनं पंधरा-वीस मिनिटंच लागतात, तेव्हा सकाळची पहिली बोट धरा, गर्दीची बोट आली की मागून घोषणा आणि शिट्ट्या येतात. आवाजासाठी छोटा रेकॉर्डर आणि त्यावर वाऱ्याचा आवाज अडवणारी टोपी हवी. इंग्रजांनी आणलेल्या चितळांची पिलावळ तिथे माणसाळलेली फिरते, पडक्या पायऱ्यांवर त्यांच्या खुरांचा आवाज मिळाला तर पार्श्वसंगीत लागत नाही. बिस्किटं दाखवून हरीण फ्रेममध्ये बोलावू नका.

सेल्युलर जेलबद्दल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, आपल्यातले बहुतेक जण सावरकरांच्या कोठडीशी आधी जातात. मूळच्या सात पाख्यांपैकी तीनच उरल्या आहेत. ट्रायपॉड लावायचा असेल तर दारावरच विचारा. कोठडीत मी कॅमेरा बंद ठेवतो, आपापला निर्णय.

२०२० साली चेन्नईहून समुद्राखालून केबल आली आणि नेट सुधारलं, पण हॅवलॉकला रात्री शंभर जीबी ढगात चढवण्याची स्वप्नं बघू नका. दोन हार्ड डिस्क न्या, रोज संध्याकाळी दोन्हींवर कॉपी करा. त्यातली एक सहप्रवाशाच्या बॅगेत, स्वतःच्या नाही. कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, मग कितीही खात्री असो. खोलीत प्लग एखाद-दुसराच असतो, म्हणून घरचा एक्स्टेंशन बोर्ड घ्या. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाहीत. पॉवर बँक १०० वॅट-तासांच्या आतली असावी, २०,००० एमएएचची साधारण ७४ची भरते. त्यावर आकडा छापलेला असावा, खोडलेला असेल तर सुरक्षेवाले ठेवून घेतात. ट्रायपॉड, ग्रीस, फिन, लाइटची दांडी चेक-इनमध्ये. सगळं भरून झालं की बॅग घरच्या काट्यावर ठेवा आणि तिकिटावरचं वजन बघा. जास्त भरलं तर आधी कपडे काढा, दुसरी हार्ड डिस्क नाही.