कोल्हापुरातल्या महाद्वार रोडची गर्दी आणि दसरा चौकातलं ट्रॅफिक लॅपटॉपवर कसं मांडायचं

ट्रॅफिक तुंबलं की आपल्याकडं सगळे रस्ता अरुंद म्हणून मोकळे होतात, पण जपानमधला एक प्रयोग बघा, २००८ साली छापून आलेला, २३० मीटरच्या गोल ट्रॅकवर २२ गाड्या, ना सिग्नल ना खड्डा, सगळ्यांना सारख्या स्पीडनं चालवा म्हणून सांगितलेलं, तरी जाम झालाच आणि तो उलटा मागं सरकत गेला. हे पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत घरी करून बघता येतं.

सुरुवात नागेल आणि श्रेकेनबर्ग या शास्त्रज्ञांच्या १९९२ च्या ट्रॅफिक मॉडेलनं करा. रस्ता म्हणजे चौकटींची ओळ, चौकट ७.५ मीटरची, एका चौकटीत एकच गाडी, एक स्टेप म्हणजे एक सेकंद. स्पीड म्हणजे एका स्टेपमध्ये किती चौकटी पुढं. प्रत्येक स्टेपला स्पीड एकनं वाढवा (मर्यादेपर्यंतच), पुढं जेवढ्या चौकटी मोकळ्या तेवढ्यावर आणा, मग ठराविक शक्यतेनं एकनं कमी करा, आणि गाडी पुढं न्या. ती शक्यतेनं स्पीड कमी करायची तिसरी पायरी काढू नका! माणूस उगाच ब्रेक मारतो, फोन बघतो, उशिरा निघतो, ते सगळं तिच्यात आहे, आणि ती शक्यता शून्य केली की आपोआप होणारे जाम गायब होतात. दुसरं म्हणजे सगळ्या गाड्यांचं नवं स्पीड आधी काढून ठेवा, मगच सगळ्यांना एकदम हलवा, एकेक करून हलवलं तर निकाल बदलतो. रस्त्याची दोन्ही टोकं जोडून गोल करा, आणि जागा आडवी, वेळ उभा असा ग्राफ काढा, जाम तिरक्या काळ्या पट्ट्यासारखे दिसतील.

आता हे जसंच्या तसं दसरा चौकाला लागू होत नाही, कारण आपल्याकडं टू-व्हीलर लई आणि लेन कुणी पाळत नाही. मी चौकट २.५ मीटरची करतो, बाइकला एक, रिक्षा-कारला दोन, केएमटी बसला पाच, आणि अशा तीन-चार ओळी शेजारी ठेवतो, कार दोन ओळी अडवते आणि बाइक मोकळी दिसेल त्या ओळीत घुसते. चौकट छोटी केली की कमाल स्पीड पण बदलायचं, ५ चौकटी म्हणजे ताशी ४५ किलोमीटर, शहरात तेवढं बास.

चालणाऱ्या माणसांना चौकटी नको. हेल्बिंग आणि मोल्नार यांचं १९९५ चं सोशल फोर्स मॉडेल घ्या, त्यात प्रत्येकाला आपल्या ठिकाणाकडं ओढणारा एक फोर्स आणि शेजारच्यापासून, भिंतीपासून लांब ढकलणारे फोर्स, मनासारखा चालायचा वेग सरासरी सेकंदाला १.३४ मीटर. नवरात्रात महाद्वार रोडला अंबाबाईकडं जाणारे आणि परत येणारे समोरासमोर सोडा, कुणी न सांगता त्यांच्या आपोआप रांगा पडतात, हे बघायला खरंच भारी वाटतं. मग एका ठिकाणी रस्ता अरुंद करून मागं चौरस मीटरला किती माणसं होतात ते मोजा. पाचच्या वर आकडा गेला की माणसाचं स्वतःच्या चालण्यावर नियंत्रण राहत नाही, मागून धक्क्याच्या लाटा येतात, आणि चेंगराचेंगरीचा धोका तिथंच असतो, म्हणून मॉडेलमधली सरासरी बघू नका, सगळ्यात दाट कोपरा बघा.

खरा डेटा पाहिजेच. वरच्या मजल्यावरून मोबाइलनं शूट करा, चेहरे ओळखू येणार नाहीत एवढ्या लांबून, मिनिटाला किती गाड्या जातात आणि ठराविक अंतराला किती सेकंद लागतात ते लिहा. गाड्यांच्या मॉडेलमधला उगाच स्पीड कमी व्हायच्या शक्यतेचा आकडा ०.१ ते ०.५ फिरवत राहा, मॉडेलचे हे दोन्ही आकडे व्हिडिओशी जुळेपर्यंत, आणि मग दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओवर काही न बदलता तपासा.